गेट बंद आहे? नंबर सांग

मी नेमकं काय काम करतो हे अण्णांना समजावून सांगायला मला पाच-सहा वर्षं लागली. तोपर्यंत ते सगळ्यांना "धाकटा अमेरिकेत सिग्नलवर असतो" एवढंच सांगायचे, त्यामुळं गावाकडं निम्म्या लोकांची अशी समजूत झालेली की मी तिकडं चौकात शिट्टी तोंडात धरून उभा असतो, आणि एकदा यात्रेला गेलो तर एका चुलत्यानं बाजूला घेऊन हळूच विचारलं, तिकडं पण चिरीमिरी चालते का रे.

तसं बघायला गेलं तर ते फार चुकीचं पण नव्हतं. मी कित्येकदा चौकातच असतो, फक्त मधोमध नाही, कडेला. अमेरिकेत सिग्नल असलेल्या चौकाच्या एका कोपऱ्यात फ्रीजएवढं ॲल्युमिनियमचं कपाट उभं असतं, लोक त्याच्याकडं बघत पण नाहीत, कुत्री मात्र बघतात. त्यात सिग्नलचा मेंदू असतो, म्हणजे कंट्रोलर. हायवेवर लाईटचे मोठे बोर्ड असतात ना, पुढं काम चालू आहे, लेन बंद आहे असं दाखवणारे, त्यांचं पण असंच एक कपाट असतं. ही यंत्रं कंट्रोल रूमशी ठरलेल्या भाषेत बोलतात की नाही ते तपासायचं, हे माझं काम. यंत्र किती टिकेल, स्वस्त आहे की महाग, दिसायला कसं आहे, हे माझं खातं नाही. विचारलं तर ठरल्यासारखं उत्तर देतं का, एवढंच. तोंडी परीक्षेचा मास्तर म्हणा.

ह्या भाषेचं नाव एनटीसीआयपी. पूर्वी काय व्हायचं, ज्या कंपनीचा बोर्ड त्याच कंपनीचं सॉफ्टवेअर, आणि बोर्डाला काय सांगितलं की तो काय करतो हे फक्त त्या कंपनीलाच माहीत. म्हणजे एखाद्या शहरानं एकाकडून पन्नास बोर्ड घेतले की एक्कावन्नावा पण त्याच्याकडूनच घ्यायचा, तो सांगेल त्या भावानं. मग १९९० च्या दशकात तीन संघटना एकत्र बसल्या, आश्टो म्हणजे राज्यांच्या हायवे खात्यांची, आयटीई म्हणजे ट्रॅफिक इंजिनियर लोकांची आणि नेमा म्हणजे हा सगळा माल बनवणाऱ्यांची. त्यांनी शहाणपणा असा केला की कोरी भाषा शोधत न बसता ऑफिसातल्या नेटवर्कची चालू भाषा उचलली, एसएनएमपी, जी १९८८ पासून राऊटर आणि प्रिंटरची विचारपूस करायला वापरात होती. मग एकेका यंत्राचा शब्दकोश लिहून काढला. सिग्नल कंट्रोलरचं पुस्तक १२०२, बोर्डाचं १२०३, रस्त्यावरच्या हवामान केंद्राचं १२०४, कॅमेऱ्याचं १२०५. यंत्रातल्या प्रत्येक गोष्टीला आकड्यांचा लांबच लांब पत्ता असतो, १.३.६.१.४.१.१२०६ अशी सुरुवात, त्यातला १२०६ हा नेमाचा नंबर, त्याच्यापुढं ४.२.३ लावलं की बोर्डाचं घर आणि ४.२.१ लावलं की सिग्नलचं. मला आता हे आकडे भीमरूपीसारखे पाठ आहेत, अर्धवट झोपेत पण म्हणून दाखवीन.

एवढा शब्दकोश असला तरी क्रियापदं मुख्य दोनच. विचारायचं असेल तर गेट, बदलायचं असेल तर सेट. हे देवनागरीत लिहिताना गंमत होते, इंग्रजीत विचारायचा गेट वेगळा आणि रेल्वेचा गेट वेगळा, आपल्याकडं दोन्ही सारखेच दिसतात. मला ते बरंच वाटतं, कारण हे काम मी कॉलेजात शिकलोच नाही, रेल्वेच्या गेटावरूनच शिकलो.

अण्णा पुणे-मिरज लाईनवर असिस्टंट स्टेशन मास्तर होते. छोटं स्टेशन, सिंगल लाईन, क्वार्टर स्टेशनाला चिकटूनच, त्यामुळं आम्ही पोरं दिवसभर त्यांच्या ऑफिसच्या दारात. टेबलावर हँडल फिरवायचा काळा फोन होता, त्याच्यावरून गेटमनला सांगायचं की अमुक गाडी येतीय, गेट बंद कर. जरा वेळानं घंटी वाजायची, तिकडून आवाज यायचा, "साहेब, गेट बंद आहे." आणि अण्णा दर वेळेला, अगदी दर वेळेला, एकच विचारायचे, "नंबर सांग." तिकडून कायतरी, सत्तेचाळीस म्हणा, ते रजिस्टरला लिहायचे आणि मगच पुढचं काम. त्याला रेल्वेत प्रायव्हेट नंबर म्हणतात. गेटमनकडं एक छापील कागद असतो, त्यावर दोन आकडी नंबर उलटसुलट क्रमानं, एक नंबर दिला की त्याच्यावर काट मारायची, पुढच्या गाडीला पुढचा.

मी एकदा विचारलं होतं, आठ-नऊ वर्षांचा असेन, की अण्णा, तो सांगतोय ना गेट बंद आहे म्हणून, मग नंबर कशाला पाहिजे? ते म्हणाले, "बंद आहे हे झोपेत पण म्हणता येतं. नंबर सांगायला उठावं लागतं, कागद बघावा लागतो, काट मारावी लागते."

तर माझ्या नोकरीतला पहिला महिना. लॅबमध्ये एका कंपनीचा सिग्नल कंट्रोलर आलेला, नाव घेत नाही, आणि मला दिलेलं काम सगळ्यात कंटाळवाणं, सीमेवरच्या टेस्ट. म्हणजे समजा पादचाऱ्यासाठी चालायचा दिवा किती सेकंद ठेवायचा, ही एक सेटिंग आहे, पुस्तकात लिहिलंय की शून्य ते २५५ पर्यंत काही पण चालेल. मग आपण २५५ पाठवायचं, त्यानं घेतलं पाहिजे. मग २५६ पाठवायचं, त्यानं नाही म्हटलं पाहिजे. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत नाही म्हणायचे पाच प्रकार ठरलेत: तुझं म्हणणं फार मोठं आहे, असलं काही माझ्याकडं नाही, ही किंमत चालणार नाही, हे फक्त वाचायचंय हात लावू नको, आणि पाचवं म्हणजे काय बिघडलंय ते मला पण सांगता येत नाही. २५६ ला तिसरं उत्तर यायला पाहिजे. आलं काय, तर "नो एरर". म्हणजे हो, झालं साहेब. मी खूश, कारण नवीन होतो आणि हिरवं दिसलं की पास असं डोक्यात. पुढच्या टेस्टकडं निघालो आणि काय डोक्यात आलं कुणास ठाऊक, म्हटलं विचारून तर बघू काय लिहून घेतलंय ते. गेट पाठवला. उत्तर शून्य.

कॉम्प्युटरवाल्यांना लगेच कळेल काय झालं ते. एका बाइटमध्ये २५५ च्या वर मावत नाही, २५६ कोंबायला गेलं की काटा फिरून शून्यावर येतो, जुन्या स्कूटरच्या मीटरसारखा. म्हणजे मी सांगितलं २५६ सेकंद, ते म्हणालं हो, आणि लिहून घेतलं की चालणाऱ्या माणसाला शून्य सेकंद. वर तोंड करून "नो एरर".

हे उत्तर मला इतकं ओळखीचं वाटलं! आपल्याकडं नाही म्हणायची पद्धतच नाही ना. प्लंबरला म्हणा उद्या येशील का, "हो हो, येऊन जातो की." टेलरला म्हणा शनिवारी होईल का, "होऊन जाईल." सोसायटीच्या सेक्रेटरीला काही पण विचारा, "बघू, करू आपण." तो नो एरर आहे सगळा. ऐकलं एवढाच त्याचा अर्थ, बाकी काय होईल ते होईल. आणि आपण पण ते समजून असतो, दोन्हीकडून सांभाळून घेतो, म्हणून आपलं चालतं. यंत्राला सांभाळून घेता येत नाही. तेव्हापासून माझ्या लेखी चांगलं यंत्र म्हणजे ज्याला वेळेवर आणि नेमक्या शब्दात नाही म्हणता येतं ते, आणि माझ्या टेस्टमधल्या कितीतरी फक्त त्याला नाही म्हणायला लावायच्या असतात. बायको म्हणते हे घरी पण चालू असतं, ते जाऊ द्या.

लोकांना अजून एक गैरसमज असतो, की एनटीसीआयपीचा कुठंतरी शिक्का मिळत असेल, आयएसआयसारखा. तसं नाही. यंत्र तपासून छाप मारून देणारं मध्यवर्ती ऑफिसच नाही, ज्यानं घेतलं त्यानंच तपासून घ्यायचं, नाहीतर आमच्यासारख्यांना पैसे देऊन तपासून घ्यायचं. त्यामुळं कंपन्यांच्या ब्रोशरवर "एनटीसीआयपी कम्प्लायंट" असं लिहिलेलं असतं ते वाचून मला हायवेवरच्या ढाब्याची "घरगुती जेवण" पाटी आठवते. घर कुणाचं ते विचारायचं नाही.

कारण स्टँडर्ड म्हणजे जेवणाचं ताट नाही, मेनू आहे. काही गोष्टी सक्तीच्या आहेत, पुष्कळशा ऐच्छिक. गिऱ्हाइकानं एक लांबलचक तक्ता भरायचा असतो, पीआरएल म्हणतात त्याला, त्यात एकेका ओळीपुढं हवं-नको लिहायचं. आमच्या सातारा-सांगलीकडं लग्न ठरलं की यादी करतात, मानपान, भांडी, वाजंत्री, कुणी काय करायचं ते दोन्हीकडची माणसं बसून कागदावर उतरवतात, तसलाच प्रकार. आणि भांडणं पण तशीच! कंपनी म्हणते आमचा बोर्ड स्टँडर्डला धरून आहे. गिऱ्हाईक म्हणतं आम्ही मागितलं ते त्यात नाही. दोघं पण खरं बोलत असतात, कारण स्टँडर्डला धरून असणं वेगळं आणि यादीप्रमाणं असणं वेगळं. एका काउंटीनं, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यानं, तो तक्ताच भरला नव्हता, फक्त लिहिलेलं की एनटीसीआयपी पाहिजे. आता काय तपासू? यादीशिवाय लग्न लावल्यासारखं झालं ते, पुढं आयुष्यभर ऐकून घ्यायचं.

बोर्डाची गोष्ट मला सिग्नलपेक्षा जास्त आवडते, कारण तिथं ही "हो"ची भानगड पार तळापर्यंत बघता येते. आपल्याला वाटतं बोर्डावर मजकूर टाकायचा म्हणजे व्हॉट्सॲपसारखं, टाइप केलं की गेलं. तसं नाही होत. आधी बोर्डाला म्हणायचं, मला अमुक नंबरच्या कप्प्यात लिहायचंय. तो म्हणतो लिही. मग मजकूर पाठवायचा, तो पण साधा नाही, मल्टी नावाच्या खुणांच्या भाषेत, चौकटी कंसात लहान लहान खुणा, इथं ओळ तोडा, इथं पान बदला, हे मधोमध घ्या, हे पान तीन सेकंद ठेवा. मग म्हणायचं आता तपास. तो तपासतो, ओळी मावतात का, सांगितलेली अक्षरं त्याच्याकडं आहेत का, आणि सगळं जमलं तर म्हणतो व्हॅलिड. एवढं झालं तरी बोर्ड अजून काळाच बरं का. आता वेगळी आज्ञा, दाखव. ती फक्त बारा बाइटची, किती मिनिटं दाखवायचं, किती महत्त्वाचं, कुठल्या कप्प्यातलं, कितवं, मागणारा कोण, आणि त्याच्यात एक सीआरसी.

सीआरसी म्हणजे त्या मजकुरावरून हिशोब करून काढलेला एक आकडा, मजकुरातलं एक टिंब जरी बदललं तरी तो बदलतो. बोर्ड स्वतः हिशोब करतो, मी पाठवलेल्याशी ताडून बघतो, जुळलं तरच दाखवतो. म्हणजे मधल्या काळात दुसऱ्या कुणी त्या कप्प्यात वेगळं काही लिहून ठेवलं असेल तर माझी आज्ञा फुकट जाते. हे मी पहिल्यांदा वाचलं ना, रात्री किचनच्या टेबलावर बसून, तेव्हा एकटाच हसलो. अमेरिकेतल्या तीन संघटनांनी बसून शेवटी काय लिहून ठेवलं, तर नंबर सांग.

पुढच्याच रविवारी अण्णांना फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मग बरोबर आहे. पण नंबर चुकला तर?" म्हटलं, तर बोर्ड दाखवत नाही. "नाही, चुकीचा नंबर बरोबर वाटला तर?" रेल्वेतला माणूस.

नंबर चुकतातच. एकदा तीन दिवस आम्ही एका बोर्डाशी झटत होतो, मजकूर व्हॅलिड, सगळं व्हॅलिड, दाखव म्हटलं की नाही. मी तावातावानं कंपनीच्या इंजिनियरला लिहिलं की तुमचा हिशोब चुकतोय. तो गरीब माणूस, त्यानं स्वतःचा आकडा आणि माझा आकडा एकाखाली एक लिहून पाठवले, बाकी एक शब्द नाही. आकडे तेच होते. फक्त दोन बाइट उलटे, त्याचा पहिला तो माझा दुसरा. आणि चूक आमच्या टेस्ट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये निघाली. तपासणाऱ्याला कोण तपासणार ह्या प्रश्नावर त्या दिवशी कॅन्टीनमध्ये मला बरंच ऐकावं लागलं.

त्या कपाटातली माझी सगळ्यात लाडकी वस्तू मात्र ह्या भाषेत फारशी बोलतच नाही. एमएमयू, मालफंक्शन मॅनेजमेंट युनिट. सिग्नलच्या कपाटातली सासू म्हणा. कंट्रोलर काय म्हणतोय त्याच्यावर ती विसंबून राहत नाही, दिव्यांकडं जाणाऱ्या तारांत खरोखर वीज आहे का ते बघत बसते. आडव्या रस्त्याला हिरवा आणि उभ्या रस्त्याला पण हिरवा असं ४५० मिलिसेकंद, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आतच, टिकलं की सगळा चौक फ्लॅशिंगवर टाकते आणि माणूस येऊन बघेपर्यंत कुणाचं ऐकत नाही. कुठले हिरवे एकत्र चालतील हे तिला सॉफ्टवेअरनं कळत नाही, एक कार्ड असतं, १६ चॅनलच्या जोड्यांच्या हिशोबानं त्याच्यावर १२० जागा, आणि जी जोडी चालते तिथं बारीक तारेचा तुकडा डाग देऊन जोडायचा. हातानं, सोल्डरिंग करून. २०१४ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी, परवानगी घेऊन, एका गावाच्या सिग्नल यंत्रणेत शिरून दाखवलं होतं, वायरलेसला कुलूप नाही, पासवर्ड कंपनीनं दिलेलेच, दिवे पाहिजे तसे बदलता येत होते. पण चारी बाजूंना एकदम हिरवा लावायला गेलं की ही बया आडवी. इतक्या भाषा, इतकी स्टँडर्डं, आणि शेवटी रात्री मी निवांत झोपतो ते त्या डाग दिलेल्या तारेवर.

भाषा बरोबर आहे का हे मी बघतो, बोलणं खरं आहे का हे नाही, हे पण सांगून ठेवतो. २००९ साली टेक्सासात ऑस्टिनला कुणीतरी रस्त्याकडेच्या बोर्डात शिरून, पुढं झोंबी आहेत, असं लिहून ठेवलेलं. लोक हसले, खात्याची पळापळ झाली. माझ्यातला टेस्टर मात्र म्हणतो, बोर्डानं काम चोख केलं की.

मी राहतो मिनेसोटात, जिथं हिवाळा हा ऋतू नसून नातेवाईक आहे, येतो आणि जातच नाही. ह्या कपाटातल्या सामानासाठी नेमानं तापमान ठरवलंय, उणे ३४ ते ७४ सेल्सिअस, एवढ्यात सगळं चाललं पाहिजे. माणसासाठी कुणी काही ठरवलेलं नाही. थंडीतली सगळ्यात वाईट टेस्ट म्हणजे संपर्क तुटायची. बोर्डाला आधी सांगून ठेवायचं असतं की कंट्रोल रूमचा आवाज इतकी मिनिटं आला नाही तर काय दाखवायचं, थोडा वेळ लाईट जाऊन आली तर काय, बराच वेळ गेली तर काय. मृत्युपत्रच ते एक प्रकारचं. मग मी केबल उपटतो आणि उभा राहतो. दहा मिनिटं म्हणजे दहा मिनिटं. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच ठेवलेलं असतं, काळा हो. कालचा मजकूर आज लावून ठेवण्यापेक्षा बोर्ड रिकामा बरा. गावाकडं लग्नाचे फ्लेक्स पोरगं बालवाडीत जाईपर्यंत लटकत असतात, ते बघून आलेल्या माणसाला हे फार पटतं.

तर तो मार्च महिना. एका काउंटीच्या नवीन रॅम्पवर बोर्ड बसवलेला, रस्ता अजून उघडला नव्हता, नशीब. रात्रीचे साडेनऊ, बाहेर उणे अकरा, मी व्हॅनमध्ये हीटरसमोर लॅपटॉप घेऊन. बरोबर काउंटीचा एक म्हातारा टेक्निशियन, रिटायर व्हायला दोन महिने राहिलेले, बोलायचा कमी, थर्मासमधून कॉफी प्यायचा जास्त. मी एकेक टेस्ट चालवतोय. मजकूर लिहिला, व्हॅलिड. सीआरसी जुळला. दाखव म्हटलं, नो एरर. आता मी काय नो एररवर थांबणारा नाही, मी हुशार, मी उलटा विचारला, सध्या काय दाखवतोयस? त्यानं अक्षरन् अक्षर बरोबर सांगितलं, राइट, लेन, क्लोज्ड, तीन ओळी. खराब ठिपक्यांचा तक्ता मागितला, म्हणजे किती एलईडी मेलेत त्याची यादी, तर शून्य. सगळं हिरवं. मी रिपोर्ट सेव्ह करायला लागलो.

म्हातारा म्हणाला, "वर बघितलंस का?"

काच पुसून वर बघितलं. बोर्डावर दोनच ओळी होत्या. राइट, लेन. तिसरी ओळ पूर्ण काळी, आतून एक केबल सुटलेली, नंतर कळलं. उजवी लेन बंद आहे, ह्याच्या जागी नुसतं उजवी लेन. रात्री साठ-सत्तर मैलानं येणारा माणूस ह्याचा काय अर्थ घेईल? उजवीकडं व्हा.

बोर्ड खोटं बोलत नव्हता. त्यानं मला जे सांगितलं ते त्याच्या मेमरीत होतं. आणि तो खराब ठिपक्यांचा तक्ता शून्य होता कारण ठिपके तपासायची आज्ञा अजून कुणी दिलेलीच नव्हती, माझ्या यादीत ती टेस्ट दुसऱ्या दिवशी होती. डॉक्टरकडं गेलाच नाही म्हणून रोग नाही, असल्या गावठी तब्येतीवर मी पास लिहीत होतो. मग आज्ञा दिली, आणि तक्ता असा भरत गेला, ओळीमागून ओळ, ओळीमागून ओळ, म्हातारा कॉफी पीत बघत बसला. कुजकं काही बोलला नाही, तेच जास्त लागलं.

आता माझ्या प्रत्येक टेस्टच्या शेवटी एक पायरी असते, स्टँडर्डात तिच्यासाठी आकड्यांचा पत्ता नाही: बाहेर ये, वर बघ, दिसतंय ते हातानं लिही. नवीन पोरं कुरकुरतात, कॅमेरा लावू म्हणतात. लावा की. कॅमेऱ्याचं पुस्तक १२०५, त्याला पण तपासावं लागेल.

सुट्टीला घरी आलो की मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर माझा त्रास सगळ्या गाडीला होतो. आपल्याकडं ह्याच बोर्डांना व्हीएमएस म्हणतात, इंडियन रोड्स काँग्रेसनं २०१० मध्ये त्यांच्यासाठी एसपी ८५ नावाची मार्गदर्शक पुस्तिका काढलीय, आणि मी काय करतो, मजकूर वाचायचा सोडून मेलेले ठिपके मोजतो. मराठी मजकूर दिसला की तर विचारू नका. ती मल्टी भाषा इंग्रजी डोक्याची, एका अक्षराला एक नंबर, एक रुंदी, ठिपक्यांचा एक नकाशा, अक्षरं एकापुढं एक ठेवत जायची. आपल्या जोडाक्षराचं, रफाराचं, डावीकडं उडी मारून बसणाऱ्या पहिल्या वेलांटीचं त्यात काय करणार? सरळ उपाय म्हणजे सगळी ओळच चित्र म्हणून पाठवायची, चित्र काढायची सोय बोर्डाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीपासून आहे. पण कुठंकुठं वेलांटी भलत्याच अक्षरावर बसलेली दिसते तेव्हा मी लगेच ओळखतो की इथं अक्षरं सुटी पाठवलीत. पुतणी म्हणाली, काका, तुम्ही डोळे मिटून घ्या, लोणावळ्याला उठवते.

अण्णा आता एक्याऐंशीचे आहेत. दादा-वहिनींकडं असतात, कोरेगावला, खाली त्यांची वेगळी खोली, कारण त्यांना रात्री दोनला उठून चहा करायची सवय नाईट ड्युटीपासून गेली नाही. बीपीची गोळी सकाळी नाष्ट्यानंतर. मध्ये दोनदा चक्कर येऊन पडले, आणि दोन्ही वेळेला विचारलं तर "घेतली की गोळी." मग मी रोज फोन करायला लागलो, इथली रात्र ती तिथली सकाळ. "अण्णा, गोळी घेतली?" "हो." "पाकिटात किती राहिल्या, नंबर सांगा." पहिल्यांदा जे हसले! म्हणाले, "बापाला प्रायव्हेट नंबर मागतोस होय रे?" पण आवडलं त्यांना. गोळ्या कपाटात वरच्या फळीवर असतात, खिडकीपाशी त्यांची लोखंडी खुर्ची, शहाबादी फरशीवर सरकवली की अशी करकरते की फोनवर मला इथं दात आवळावे लागतात. मग कपाटाचं दार, मग पाकिटाचा चुरचुर आवाज, मग नंबर. मी डायरीत लिहून ठेवतो, काल बारा तर आज अकरा. चार महिने एकदा पण चुकला नाही.

परवा रविवारी फोन केला. पाऊस पडतोय म्हणाले, वाघोलीचं कोण वारलं ते सांगितलं, दादानं गाडी विकायला काढलीय त्याच्यावर नाराजी सांगितली. मी म्हटलं, "गोळी घेतली?"

"हो."

"किती राहिल्या?"

"नऊ," लगेच म्हणाले.

नऊच पाहिजे होत्या. डायरीत आदल्या दिवशी दहा. मी नऊ लिहिलं, त्यांनी विचारलं तिकडं बर्फ वितळला का, मी हो म्हटलं, फोन ठेवला. पेन हातातच होता. खुर्ची वाजली नव्हती.

मी वहिनींना फोन लावला, म्हटलं, वहिनी, जरा खाली जाऊन कपाटात बघता का.